आठ इंची टॅब: पुढच्या पिढीकडून तुम्हाला नेमकं काय हवंय?

पानोपानी

नमस्कार मंडळी,

"पंधरा हजारांत कोणता टॅब घेऊ?" असे धागे इथे भरपूर आहेत. हा धागा त्यासाठी नाही. ७ ते ९ इंचांचे छोटे टॅब जे रोज वापरतात, किंवा एकेकाळी वापरायचे आणि नाइलाजाने सोडले, त्यांना पुढच्या पिढीच्या टॅबमध्ये काय हवंय ते एका जागी जमा व्हावं, एवढीच इच्छा.

आधी माझी बाजू मांडतो. या आकाराचे सगळ्यात चांगले दिवस २०१२ ते २०१५ या काळात होते, असं माझं ठाम मत आहे. २०१३ च्या नेक्सस ७ ची स्क्रीन १९२० बाय १२०० पिक्सेलची होती आणि वजन २९० ग्रॅम. २०१४ चा गॅलेक्सी टॅब एस ८.४ तर २५६० बाय १६०० ची ॲमोलेड स्क्रीन घेऊनही तीनशे ग्रॅमच्या आत होता. त्याला आता दहा वर्षं उलटून गेली. आज काय मिळतं? २०२३ चा गॅलेक्सी टॅब ए९, २०२४ चा रेडमी पॅड एसई ८.७, २०२५ चा टॅब ए११. तिन्ही ८.७ इंची, तिन्ही १३४० बाय ८००. बाजारात आले तेव्हा किंमत अकरा ते तेरा हजार. दुसऱ्या टोकाला २०२४ चा आयपॅड मिनी, सुरुवातच ४९,९०० पासून. मधल्या वीस-तीस हजारांच्या पट्ट्यात, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाचा विचार करून बनवलेला छोटा टॅब मला दुकानात दिसत नाही.

मी मुख्यतः स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं वाचतो. आपल्याकडच्या कादंबऱ्या, चरित्रं बहुतांशी डेमी आकारात छापलेली असतात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचाचं पान. समास सोडले तर प्रत्यक्ष मजकूर असतो सुमारे सव्वाचार बाय सात इंच. आता ८.३ इंची आयपॅड मिनीची स्क्रीन मोजा: साडेचार इंचांहून किंचित जास्त रुंद आणि सातला जेमतेम कमी उंच. पीडीएफचे समास कापले की छापील पान जवळजवळ मूळ आकारात समोर येतं. झूम नको, पान इकडेतिकडे सरकवणं नको. अकरा इंची टॅबवर हेच पान दिसतं, पण तो टॅब अंथरुणात पडून किंवा लोकलमध्ये उभं राहून एका हातात धरवत नाही.

तेव्हा माझं मागणं असं: ८.३ ते ८.८ इंच, ३:२ किंवा ४:३ च्या जवळचं प्रमाण, इंचाला तीनशेच्या आसपास पिक्सेल, वजन तीनशे ग्रॅमच्या आत, आणि किंमत पंचवीस हजारांच्या आसपास. प्रोसेसर मधल्या फळीतला असला तरी चालेल. तुमचं सांगा.

अक्षांश_रेखांश

विषय चांगला आहे, पण मूळ प्रश्न विचारतो. फोनच ६.८ इंचांचे झालेत. खिशात एवढी स्क्रीन असताना आठ इंचांसाठी वेगळे पैसे कोण घालणार? कंपन्यांनी हा आकार सोडला त्याचं कारण हेच असावं. ज्याला मोठी स्क्रीन हवी तो अकरा इंची घेतो, ज्याला दोन्ही हवं तो घडीचा फोन घेतो.

पानोपानी

@अक्षांश_रेखांश, इंच कर्णात मोजतात म्हणून हा फरक लहान वाटतो. ६.८ इंची फोन लांबट असतो, त्याची स्क्रीन जेमतेम ७ सेंमी रुंद. ८.३ इंची मिनीची साडेअकरा सेंमी. ओळीची लांबी रुंदीवर ठरते. फोनवर वाचताना वाचता येईल एवढं अक्षर ठेवलं तर ओळीत चार-पाच शब्द मावतात आणि मराठीतला लांब शब्द आला की ओळ फाटते. क्षेत्रफळ काढलंत तर मिनीची स्क्रीन त्या फोनच्या पावणेदोन पटीहून जास्त भरते.

घडीच्या फोनबद्दल म्हणाल तर तो प्रकार मला मनापासून आवडतो. २०२५ चा झेड फोल्ड ७ उघडला की ८ इंची आणि वजन फक्त २१५ ग्रॅम, ही इंजिनिअरिंगची कमालच आहे. पण किंमत १,७४,९९९. शिवाय तो दिवसभराचा फोनही असतो. रात्री वाचायला घ्यावा तर बॅटरी संपत आलेली आणि दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी मेसेज.

अक्षरजुळारी

स्क्रीनच्या मुद्द्यावर थोडं विस्ताराने लिहितो, कारण माझं काम डीटीपीचं आहे आणि या बाबतीत मराठी वाचकांचं इंग्रजी वाचकांपेक्षा जास्त नुकसान होतं.

८.७ इंचांवर १३४० बाय ८०० म्हणजे इंचाला सुमारे १८० पिक्सेल. बारा पॉइंटचा टाइप घेतला तर अक्षराच्या पूर्ण उंचीला, म्हणजे वरच्या वेलांटीच्या टोकापासून खालच्या उकारापर्यंत, तीसेक पिक्सेल मिळतात. आयपॅड मिनीच्या ३२६ वर त्याच अक्षराला ५४ मिळतात. रोमन लिपीत त्या उंचीतला बराच भाग रिकामा असतो, त्यामुळे कमी पिक्सेलमध्येही निभावतं. देवनागरीत प्रत्येक मजल्यावर माणसं राहतात. "मूर्तींपुढे" हा साधा शब्द घ्या. "र्तीं" या एका अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तिघांची एकाच कोपऱ्यात गर्दी होते. १८० वर रफार आणि अनुस्वार मिळून एक करडा ठिपका उरतो. वाचणारा संदर्भाने ओळखतो, पण डोळ्यांना ते काम सतत करावं लागतं आणि अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागतात. लोक म्हणतात, "टॅबवर वाचवत नाही." अहो, वाचवत नाही ते या टॅबवर.

स्कॅनची गोष्ट तर आणखी वाईट. खिळ्यांवर छापलेल्या जुन्या पुस्तकांत "द्व", "द्ध", "ह्य" यांच्या आतल्या रेषा आधीच शाईने बुजलेल्या. त्या आणखी लहान करून १८० वर दाखवल्या की "विद्वान" आणि "विद्धान" यांत फरक उरत नाही.

म्हणून माझी मागणी एकच, पण ती पक्की: नऊ इंचांच्या आत कुठल्याही टॅबला २८० च्या खाली पिक्सेल घनता नको. १२० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारी स्क्रीन), चार स्पीकर, चकचकीत पाठ, हे सगळं नंतर.

गोदाकाठ

अक्षरजुळारी, तुम्ही लिहिलंत ते आईला वाचून दाखवलं. तिला इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं.

आई सत्तरीपुढची आहे. सकाळी पेपर, दुपारी पोथी, संध्याकाळी पुण्याच्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल. तिच्या दृष्टीने पहिली गोष्ट वजन. संधिवाताच्या बोटांना पावणेचारशे ग्रॅम आणि वर कव्हर, हे दहा मिनिटांत जड होतं. दुसरी गोष्ट कडा. हल्ली स्क्रीन पार कडेपर्यंत नेतात. तिने टॅब धरला की अंगठा स्क्रीनवर येतो आणि पान आपोआप उलटतं. जुन्या टॅबना कडेला अंगठाभर काळी चौकट असायची, ती ज्येष्ठांसाठी फार सोयीची होती. नव्या पिढीत निदान एका बाजूला तरी धरायला जागा ठेवा.

तिसरी म्हणजे आवाज. स्वस्त टॅबचा स्पीकर कॉलवर इतका बारीक येतो की ती कानाला लावते आणि मग पलीकडच्यांना तिचा कान दिसतो.

आणि सिम असावं, साधा फोन करता यावा. आमच्याकडे पूर्वी सॅमसंगचा नोट ८ होता, २०१३ चा. त्यावरून थेट कॉल व्हायचे, पेनही होतं. आईला दोन यंत्रं सांभाळावी लागत नव्हती.

कातळकडा

सिमच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन, माझं कारण वेगळं आहे. मी सह्याद्रीत भटकतो आणि वाटेचे नकाशे आठ इंचांवर बघायला आवडतात. फोनवर एक धार दिसते, शेजारची घळ दिसत नाही. घाटवाट उतरताना नेमकी शेजारची घळ दिसावी लागते.

पण वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतं. ते फक्त सिमवाल्या मॉडेलमध्ये. मिनीचं तसं मॉडेल भारतात ६४,९०० पासून सुरू होतं. उपग्रहाचा सिग्नल घ्यायला सिम लागत नाही, तरी पंधरा हजार जास्त मोजल्याशिवाय ती सोय मिळत नाही. पुढच्या पिढीत प्रत्येक छोट्या टॅबमध्ये जीपीएस द्यावं, ही माझी पहिली मागणी. हा आकार माणूस बाहेर घेऊन जातो. घरात बसून बघायला मोठे आहेतच.

दुसरी मागणी पावसाची. जून ते सप्टेंबर आमचा खरा हंगाम. थेंब पडला की स्क्रीनला ते बोटच वाटतं, नकाशा भलतीकडे पळतो, आणि ओल्या बोटाने खरा स्पर्श लागत नाही. नुसतं पाण्याने बिघडत नाही एवढं पुरेसं नाही, पाण्यात वापरता आलं पाहिजे. आवाजाची बटणं झूमसाठी वापरू द्यावीत, हा त्यातला सोपा मार्ग. गॅलेक्सी टॅब ॲक्टिव्ह मालिकेला बाजूला एक जादा बटण असतं, हव्या त्या कामाला लावता येतं. सगळ्यांनी तसं एक द्यायला काय हरकत आहे?

उन्हात दिसण्याबद्दल: स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात, मिनीचे ५०० निट्स मे महिन्याच्या दुपारी कमी पडतात. आज बऱ्याच फोनना हजाराच्या वर मिळतात, टॅबनाही मिळावेत.

सोल्डरवाला

माझं मोबाइल-टॅब दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते लिहितो.

छोटा टॅब दुकानात येतो तो तीन कारणांनी. स्क्रीन फुटली, चार्जिंगचा पोर्ट गेला, किंवा बॅटरी फुगली. बॅटरी फुगलेला टॅब लगेच ओळखू येतो, स्क्रीन एका कडेने उचललेली असते, नख सहज आत जातं. लहान मुलांचा टॅब रात्रभर चार्जरला लावून ठेवतात, त्यात हे जास्त.

आता बॅटरी बदलायची तर आधी स्क्रीन काढावी लागते. ती डिंकाने चिकटवलेली. हीट प्लेटवर गरम करून पातळ पत्रा आत सरकवत जायचं. फोनच्या मानाने टॅबची काच मोठी आणि पातळ, एका कोपऱ्यात जोर जास्त पडला की तडा गेलाच. म्हणजे बॅटरीच्या कामात फोल्डरचा धोका. फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, तो स्वस्त टॅबचा घ्यायचा तर टॅबच्या निम्म्या किमतीच्या आसपास जातो. गिऱ्हाईक म्हणतं राहू द्या, नवीन घेतो. चालता टॅब कपाटात जातो.

त्यापेक्षा टॅब ॲक्टिव्ह ३ किंवा ॲक्टिव्ह ५ बघा. दोन्ही ८ इंची. पाठीचं झाकण नखाने निघतं, बॅटरी हाताने बाहेर येते, आणि तरीही पाण्याला टिकतात. "बॅटरी काढता आली तर वॉटरप्रूफ होत नाही" असं काउंटरवर सांगतात, त्याला हे सरळ उत्तर आहे. थोडा जाड होतो, होऊ दे.

माझी मागणी: स्क्रीन न काढता बॅटरी बदलता आली पाहिजे, पाठीकडून, साध्या स्क्रूने. चार्जिंग पोर्ट वेगळ्या सब-बोर्डवर हवा, मेन बोर्डवर झाळलेला नको. आणि सुटे भाग माझ्यासारख्या छोट्या दुकानालाही रीतसर विकत मिळाले पाहिजेत. एका कंपनीच्या केंद्राने माझ्या गिऱ्हाइकाला अडीच वर्षांच्या टॅबची बॅटरी "आता येत नाही" म्हणून परत पाठवलं. मी दुसऱ्या मॉडेलची मापात बसणारी बॅटरी शोधून लावली आणि काच बी-७००० डिंकाने चिकटवली. टॅब आजही चालतोय.

राइनकाठ

@सोल्डरवाला, तुमची प्रतिक्रिया वाचून राहवलं नाही. मी जर्मनीत असतो. तुम्ही मागताय त्यातलं बरंच इथे कायद्याने लागू झालंय.

युरोपीय संघाचे फोन आणि टॅबसाठीचे नियम २० जून २०२५ पासून लागू आहेत. ७ ते १७.४ इंचांचे टॅब त्यात येतात, म्हणजे आपला आकार बरोबर आत. मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट मिळाले पाहिजेत. बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही तिच्यात मूळ क्षमतेच्या ८० टक्के तरी उरली पाहिजे. खोक्यावरच्या लेबलावर दुरुस्तीला सोपं की अवघड याची श्रेणीही छापलेली असते, ए पासून ई पर्यंत. दुकानात मी आता आधी तीच बघतो.

याशिवाय बॅटऱ्यांचा वेगळा नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून येतोय. छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावी, असा त्याचा रोख आहे. काही सवलती आहेत, तरी दिशा स्पष्ट आहे.

कंपन्या युरोपसाठी वेगळा साचा आणि भारतासाठी वेगळा साचा सहसा बनवत नाहीत. यंत्र तेच येईल. पण सुटे भाग भारतात पाठवायचे की नाही, ते भारतातला नियम ठरवेल. ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, सुरुवात म्हणून ते चांगलंच. पण पोर्टलवर माहिती देणं वेगळं आणि सात वर्षं भाग देण्याचं बंधन वेगळं.

घाम_गाळू

गेमिंगवाल्यांचीही नोंद घ्या. ८.८ इंच, १४४ किंवा १६५ हर्ट्झ, तगडा प्रोसेसर हे लेनोवोच्या वाय७०० मालिकेने दाखवून दिलंय. त्यातल्या दोन टाइप-सी पोर्टची सोय सगळ्यांनी उचलावी, आडवा धरला तरी चार्जरची वायर तळहातात रुतत नाही. बायपास चार्जिंगही हवं, म्हणजे खेळताना वीज बॅटरीला वळसा घालून थेट बोर्डाला जाते आणि बॅटरी तापत नाही.

सोल्डरवाला

@घाम_गाळू, बायपास चार्जिंग फक्त गेमर्सना नको, मुलांच्या टॅबला आधी हवं. आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय प्रत्येक टॅबमध्ये हवी, सुरुवातीपासून चालू ठेवलेली. २०२४ च्या मिनीत ती आहे, पण लोकांना माहीतच नसते.

कोडकरी

अजून कुणी मेमरी आणि स्टोरेजबद्दल बोललं नाही, म्हणून लिहितो. टॅब जुना झाला की संथ होतो, असं सगळे मानतात. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक, रॅम. पहिला आयपॅड मिनी २०१२ मध्ये ५१२ एमबी रॅम घेऊन आला. आयओएस ९ पर्यंत त्याला ओढत नेला, तोवर साधं वेबपान उघडायलाही तो दमत होता. आज चार जीबी रॅमचा टॅब घेणं म्हणजे काही वर्षांत तोच अनुभव घेणं. ॲपलने २०२१ च्या मिनीतले चार जीबी २०२४ मध्ये आठ केले. मला वाटतं आठ हा आता तळ मानावा, बारा-तेरा हजारांच्या टॅबलाही.

दोन, स्टोरेजचा वेग, आणि याकडे कुणीच बघत नाही. २०१२ चा पहिला नेक्सस ७ आठवतोय का? पहिले काही महिने भन्नाट चालायचा, मेमरी भरत आली की गोठायचा. फ्लॅश मेमरीत पुसलेल्या जागेची आवराआवर करावी लागते, त्याला ट्रिम म्हणतात, आणि अँड्रॉइडमध्ये ती सोय ४.३ पासून आली. आज ट्रिम सगळीकडे आहे, पण स्वस्त टॅबमध्ये अजूनही ईएमएमसी प्रकारची मेमरी घालतात. फोनमध्ये यूएफएस ही तिच्याहून वेगवान मेमरी येऊन कितीतरी वर्षं झाली. ईएमएमसी एका वेळी वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकदम करत नाही. त्यामुळे मागे ॲप अपडेट होत असेल तर पुढे पान उलटत नाही. प्रोसेसर कितीही चांगला असला तरी तिथेच घोडं पेंड खातं. खोक्यावर "१२८ जीबी" एवढंच लिहितात. यूएफएस की ईएमएमसी, हे ठळक छापायला लावलं पाहिजे.

सात पिढ्यांचे अपडेट देऊ म्हणणाऱ्या कंपन्यांचं मी स्वागत करतो. पण चार जीबी आणि ईएमएमसीवर सातवा अपडेट कसा चालेल, हे त्यांनीच सांगावं.

आरोह_अवरोह

मी हार्मोनियम शिकवते. शिष्यांच्या वह्या आणि माझे जुने नोटेशनचे कागद स्कॅन करून टॅबवर ठेवलेत. हार्मोनियमच्या वरच्या फळीवर आठ इंची टॅब बरोबर बसतो. अकरा इंची ठेवला की समोरच्या गायकाचा चेहरा झाकला जातो. साथ करणाऱ्याला तो चेहरा दिसावाच लागतो.

मला पेन हवं आणि पेन टॅबच्या अंगातच ठेवायला जागा हवी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. हे टंकायला बसलं तर एका बंदिशीला तास जातो, पेनाने दोन मिनिटांत होतं. मात्र तळहात स्क्रीनवर टेकल्यावर नको ती रेघ उमटते, त्यावर टॅबने काम केलं पाहिजे. छोट्या स्क्रीनवर तळहात टेकणारच, दुसरीकडे ठेवायला जागाच नसते. बोथट रबरी टोकाच्या पेनाने तर टिंब नीट स्वराखाली पडतच नाही, शेजारच्या स्वराखाली जातं आणि सप्तक बदलतं.

आणि कृपा करून हेडफोनचं भोक परत द्या. तानपुऱ्याचं ॲप लावून रियाज करायला ब्लूटूथ चालतं, कारण तानपुरा अखंड वाजतो. पण लेहऱ्यावर किंवा ठेक्यावर बसायचं तर ब्लूटूथचा आवाज क्षणभर मागून येतो आणि सम हुकते. वायरला तो त्रास नाही. रेडमीच्या स्वस्त टॅबला जॅक आहे, पन्नास हजारांच्या मिनीला नाही.

अक्षरजुळारी

@आरोह_अवरोह, हस्ताक्षर ओळखण्याचीही भर घालतो. गुगलने देवनागरी हस्ताक्षर ओळखणारं इनपुट २०१५ मध्येच आणलं आणि जीबोर्डवर मराठी लिहून टाकता येतं. आपल्याच आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने स्वरचक्र कीबोर्ड केला होता, व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती स्वरांचं चक्र उघडतं. आठ इंचांवर दोन अंगठ्यांनी टंकायला तो मला फार सोयीचा वाटला. सांगायचं असं की मराठी लिहायच्या वाटा तयार आहेत. चांगल्या पेनाचा छोटा टॅब मिळाला तर त्यावर माणूस सलग मराठी लिहील.

पाटीपेन्सिल

मी शाळेत शिकवतो, जिल्हा परिषदेच्या. इथली चर्चा पंचवीस ते पन्नास हजारांची चालली आहे म्हणून आठवण करून देतो. छोट्या टॅबचं सगळ्यात मोठं स्वप्न आपल्या देशाने २०११ मध्ये पाहिलं होतं. आकाश टॅब. सात इंची, सरकारला सव्वादोन हजारांच्या आसपास पडणारा. हेतू शंभर टक्के चांगला होता. पण ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि दाबल्याशिवाय न कळणारी रेझिस्टिव्ह स्क्रीन. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या सहभागाने आकाश २ आला, त्यात स्क्रीन आणि प्रोसेसर दोन्ही सुधारले, पण पहिल्यावेळी बसलेला शिक्का पुसला गेला नाही.

आज दहा-अकरा हजारांत खूपच बरा टॅब मिळतो, हे मान्य करायला हवं. पण मुलाच्या हातात तो देताना मला तीन गोष्टी हव्यात. पडला तरी कोपरा फुटू नये. इंटरनेट नसताना धडे, नकाशे, गोष्टी चालाव्यात, त्यासाठी मेमरी कार्डाची खाच राहू द्यावी. आमच्याकडे एका कार्डावर सगळं भरून वर्गातल्या टॅबमध्ये फिरवता येतं. आणि अक्षर स्पष्ट दिसावं. अक्षरजुळारींनी मोठ्यांच्या डोळ्यांबद्दल लिहिलं. पहिलीतलं मूल तर अजून संदर्भाने ओळखत नाही, त्याला दिसेल तेच ते वाचतं. त्याला रफार दिसला नाही तर तो त्याच्यासाठी नसतोच.

अक्षांश_रेखांश

पाटीपेन्सिल सरांच्या या मुद्द्यावर माझं मत बदललं. लहान मुलांसाठी म्हणून स्वस्त स्क्रीन घालतात, हे उलटंच झालं.

तरी एक शंका उरतेच. छोटे टॅब खपत नाहीत म्हणून कंपन्या खर्च करत नाहीत, आणि त्या खर्च करत नाहीत म्हणून ते खपत नाहीत. सुरुवात कोण करणार?

कोडकरी

थोडी सुरुवात झालेली दिसते. २०२५ मध्ये चीनमध्ये रेडमी के पॅड आला, मग शाओमी पॅड मिनी, दोन्ही ८.८ इंची आणि दोन्हींत तगडा प्रोसेसर. या आकाराच्या धारदार स्क्रीन कारखान्यांतून पुन्हा निघायला लागल्यात. म्हणजे तीच स्क्रीन आणि मधल्या फळीतला प्रोसेसर घालून कुणीतरी पंचवीस हजारांचा टॅब बांधू शकतो. स्क्रीनची अडचण आता नाही. अडचण एवढीच की ते बांधायचं ठरवलं पाहिजे.

राइनकाठ

ओलेड स्क्रीनबद्दल, म्हणजे जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो तिच्याबद्दल, कुणी विशेष लिहिलं नाही. २०२१ च्या मिनीवर उभा धरून वेगाने पान सरकवलं की अर्धी बाजू मागे राहते, "जेली स्क्रोल". मला ते सतत दिसायचं. ओलेड आली तर ते जाईल, काळा रंगही खरा काळा होईल. पण बऱ्याच ओलेड मंद प्रकाशात चालू-बंद होऊन उजेड कमी करतात, त्याने काहींचं डोकं दुखतं. अंधारात वाचणारे आपणच जास्त. ओलेड द्या, पण त्या चालू-बंद होण्याचा वेग भरपूर ठेवा.

गोदाकाठ

सगळ्यांना एक विचारते. आईचा टॅब आता खरंच बदलायला आलाय, पुढच्या पिढीची वाट बघण्याइतका वेळ नाही. आत्ता दुकानात गेले तर काय बघू?

पानोपानी

@गोदाकाठ, आईंना बरोबर घेऊन जा. जाताना पोथीचं एक स्कॅन केलेलं पान आणि पेपरचं एक पान फोनवर ठेवा, दुकानातल्या टॅबवर पाठवून उघडायला सांगा. दुकानदार डेमो व्हिडिओ दाखवेल, त्यात सगळ्याच स्क्रीन सुंदर दिसतात. आईंना तो टॅब निदान दहा मिनिटं हातात धरून वाचू द्या, कव्हर घालून. आणि तिथूनच नातवंडांना एक व्हिडिओ कॉल लावा, स्पीकरचं लगेच कळेल. बजेट ताणता येत असेल तर नूतनीकरण केलेला जुना मिनीही बघा, त्याची स्क्रीन आजच्या स्वस्त नव्या टॅबपेक्षा धारदारच आहे.

सोल्डरवाला

जुना मिनी घेणार असाल तर स्क्रीन चारही बाजूंनी सपाट बसलीय का, ते आधी बघा. एका कडेला फट असेल तर आतली बॅटरी फुगायला लागलीय. बॅटरीची हेल्थ किती ते विचारा आणि बॅटरी बदललेली असेल तर कुणी बदलली तेही. नवीन घेणार असाल तर बिल करण्याआधी मॉडेल नंबर लिहून घ्या आणि तुमच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारा, "याचा फोल्डर आणि बॅटरी मिळते का?" तो नाही म्हणाला तर दुसरं मॉडेल बघा.